सहा नावांचा दगड

आजवर जिच्याबद्दल मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही, ती गोष्ट अक्षरांचीच आहे. बायको गेली, तिला ठाऊक नव्हती. मुलांना नाही. सावंतवाडीला ज्या मित्राबरोबर तीस वर्षं तळ्याकाठी बसलो, त्याला नाही. तुम्हाला सांगतोय. का — ते विचारू नका. मलाच नीट उमगलेलं नाही.

सावंतवाडीहून गोव्याला जाताना तुम्ही बांद्याच्या मोठ्या रस्त्याने जात असाल. पण एक आतला रस्ता आहे, काजूंच्या मधून तेरेखोलच्या खाडीकडे उतरणारा. नाक्याच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला, छातीएवढा एक काळा दगड उभा आहे. तिथे गाडी कुणी थांबवत नाही. थांबवली तर गोव्याहून येताना, नाक्यावर बाटल्यांच्या तपासणीत विस्कटलेली डिकी आवरायला. दगडावर लिहिलंय — ‘या वाटेने गोवामुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींच्या स्मरणार्थ.’ खाली सहा नावं.

ती अक्षरं माझी. म्हणजे कोरली पाथरवटाने. पण त्याला वाचता येत नव्हतं. मी गेरूने दगडावर काढून दिली आणि तो त्या रेघांवरून टाकी चालवत गेला. मी हायस्कूलला चित्रकला शिकवायचो. गावात कुणाचं लग्न असो, कुणाचं दुकान असो, पाटी मीच रंगवायचो. मास्तरांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे — असं म्हणायचे लोक. मला ते आवडायचं. का आवडू नये?

दुसरं नाव माझ्या वडिलांचं आहे. विष्णू सखाराम. आडनाव इथे सांगत नाही, दगडावर आहे.

सातवं नाव नाही. ते मी काढलं नाही.

पण असं एकदम सांगितलं तर तुम्हाला वाटेल, विसरलो असेन, कुणी दडपण आणलं असेल. तसं काही झालं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

पंचावन्न सालच्या पावसात सत्याग्रही गोव्यात शिरत होते, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गावातून सहा जण गेले — पाच बाहेरचे, आणि वाट दाखवायला आमचे तात्या, माझे वडील. खाडी ओलांडायला होडी लागणार. होडी दिली कायतानने. कायतान डिसोझा. किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, वाडीतला, मासे मारणारा, जाड मानेचा, हसरा माणूस. त्याची बहीण पलीकडे पेडण्याला दिली होती, त्यामुळे खाडीतला प्रत्येक खडक त्याला पाठ. तो त्यांना घेऊन गेला. पलीकडे गोळीबार झाला. पाच जण झाडीत पळाले, पकडले गेले, दीड-दोन वर्षांनी सुटून आपापल्या गावी गेले. तात्या एकटे त्याच दिवशी परत आले — चिखलाने माखलेले, एका पायात चप्पल नाही, दात वाजत होते. कायतान आला नाही. होडीही आली नाही.

लोकांनी विचारलं, कायतान खंय? तात्या म्हणाले, तो पलीकडेच राहिला.

एवढंच म्हणाले. पुढचं गावाने जोडलं. पलीकडे राहिला — म्हणजे बहिणीकडे. बहीण तिकडे, धर्म तोच, मग पोलिसांना खबर कुणी दिली असेल? पोर्तुगिजांना आमच्याकडे पाखले म्हणायचे. कायतान पाखल्यांचा माणूस ठरला. एकसष्टला गोवा मोकळा झाला, रस्ता उघडला, तरी तो आला नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, पाखल्यांबरोबर आगबोटीवर चढला असणार, तिकडे दुसरी बायको केली असणार. हेही खरं मानलं गेलं.

त्याची पहिली, एकुलती एक बायको इथेच होती. आनमारी. आम्ही आनमारीमाय म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. जाळी विणायची, सुके मासे विकायची. त्यांच्यात नवरा गेला की बाई काळं नेसते. आनमारीमाय काळं नेसली नाही. नेसणार कशी? मेल्याचा निरोप नव्हता. पळून गेलेल्या नवऱ्यासाठी कुणी काळं नेसत नाही. लोक तिच्या रंगीत लुगड्याकडे बघून हसायचे. मीही हसलो असेन.

तात्या आजारी पडले तेव्हा मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. दमा होता. एका दुपारी घरी आम्ही दोघंच होतो. मी त्यांना पेज भरवत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं, चमचा खाली ठेवायला लावला, आणि सांगायला लागले. मला वाटलं, जमिनीबद्दल काही असेल.

गोळीबार झाला तसे पाच जण झाडीकडे पळाले आणि तात्या होडीकडे. कायतान होडी घेऊन परत जाऊ शकला असता. तो थांबला होता. त्याने तात्यांना आत घेतलं, वल्हं मारायला लागला. खाडीच्या मध्यावर त्याच्या बरगडीत गोळी लागली. होडी कलंडली. तात्यांना पोहता जेमतेम येत होतं. कायतानने एका हाताने त्यांना ढकलत ढकलत आमच्या काठापर्यंत आणलं, तिवरांच्या मुळांपाशी. तात्यांनी मूळ पकडलं आणि वर चढले. कायतान मागे, गळ्यापर्यंत पाण्यात. ओहोटी लागलेली.

“तेणी हात फुडे केल्यान,” तात्या म्हणाले. “मी धरूक नाय.”

का नाही धरला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. काठावर गोळ्या येत होत्या का? हात पोचत नव्हता का? मी विचारायला हवं होतं ना? मी पेजेच्या वाडग्याकडे बघत बसलो. पेजेवर साय धरली होती. आयुष्यभर ज्या माणसाला मी देवासारखा — नको, ते शब्द आता वापरत नाही. तेवढ्यात आई दारात आली, आणि तात्यांनी माझं मनगट सोडलं. आठवड्याभरात ते गेले.

मी कुणालाही सांगितलं नाही. तेव्हा नाही, हे एक वेळ समजू शकाल तुम्ही.

चार-पाच वर्षांनी, ऐंशीच्या पुढे, सरपंचांच्या मनात आलं की सीमेवर एक दगड उभा करावा. शाळेच्या वर्गात सभा भरली. सहा नावं मीच फळ्यावर लिहिली. मागच्या बाकावर आमच्या तरीचा म्हातारा तारी बसला होता, खाडीवर प्रवासी नेणारा. तो सहसा बोलत नसे. तो म्हणाला, “होडी कोणाची होती?”

 सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सत्याग्रहीचा मुलगा. तात्या काय म्हणत होते, सरपंचांनी मला विचारलं, तेही अदबीने.

विचार करा. मला कुणी धमकावलं नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती. वडील वारलेले. गावातली सगळी शहाणी माणसं माझ्या एका वाक्याची वाट बघत होती. ‘त्याने माझ्या वडिलांना वाचवलं’ — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. हाताचं सांगायचीसुद्धा गरज नव्हती! हे मला पुढे कितीतरी दिवसांनी सुचलं, आणि सुचलं तेव्हा मी सायकलवरून उतरून रस्त्याकडेला उभा राहिलो.

त्या दिवशी मी मालवणी सोडून शुद्ध मराठीत बोललो. म्हणालो, “वादाचं नाव दगडावर नको.”

सभेने माना हलवल्या. तारी उठून बाहेर गेला.

आणखी एक गोष्ट आहे, ती लपवली तर हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. कायतान आमच्यातला असता, तर माझी जीभ इतक्या सहज वळली असती का? नसती. किरिस्तांव माणसाबद्दल असं बोललं की लोक जास्त विचारत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी त्याचा उपयोग केला.

दगडाचं उद्घाटन डिसेंबरात झालं. तालुक्याहून पाहुणे आले, भाषणं झाली, मुलांनी गाणी म्हटली, मला नारळ आणि शाल मिळाली. अक्षराचं कौतुक झालं. दुपारी सगळे जेवायला गेले आणि मी फडक्याने गेरूचे राहिलेले डाग पुसत मागे थांबलो. तेव्हा रस्त्याने आनमारीमाय येताना दिसली. उन्हातून, डोक्यावर पदर, हातात अबोलीचा वळेसर, आमच्याकडचा गजरा. वाडीत कुणीतरी तिला सांगितलं होतं की होडीतून गेलेल्यांची नावं दगडावर घातली आहेत. त्यांच्याकडे दगडावर नाव मेलेल्याचंच घालतात.

ती दगडासमोर उभी राहिली. वरून खाली सगळी अक्षरं बघितली, जशी आपण दुसऱ्याच्या देवळातली मूर्ती बघतो. मग मला विचारलं, “मास्तर, ह्येच्यात कायतानाचा नाव खंय आसा?”

मी खरं सांगतो, पुढे जे झालं ते मी ठरवून केलं नाही. पण ठरवून केलं नाही म्हणजे मी केलं नाही असं होत नाही. माझं बोट वर गेलं आणि दुसऱ्या ओळीवर टेकलं.

“हंय,” मी म्हटलं.

माझ्या बापाच्या नावावर.

तिने आपली बोटं त्या अक्षरांवर ठेवली. एकेक अक्षर चाचपलं. मग ती बोटं ओठांना लावली, कपाळापासून छातीपर्यंत खूण केली. वळेसर दगडावर ठेवायला जागा नव्हती, तो तिने खाली पायाशी ठेवला. मी तिच्या मागे उभा.  मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा — कसा सांगू? एवढा मोकळा चेहरा मी त्याआधी कुणाचा बघितला नव्हता.

“म्हणजे मेलो तो,” ती म्हणाली. “पळान गेलो नाय.”

पुढच्या रविवारी ती काळं नेसून बाजारात आली. पाद्री आले, चर्चमध्ये कायतानसाठी मिसाची प्रार्थना झाली. तिने मला जेवायला बोलावलं. मी गेलो. हो, गेलो. तिच्या पडवीत बसून मी तिच्या हातचे वडे खाल्ले, सागुती खाल्ली. तिने मला आधी वाढलं, कारण नाव मी काढलं होतं. तिचे शेजारी होते, दोन-चार आमच्यातलेही होते. वाचता येणारे होते त्यात. दगडावर काय आहे ते कुणाला तरी ठाऊक असणारच. कुणी बोललं नाही. म्हातारीला समाधान मिळालंय तर मिळू दे, असं म्हणाले असतील. मीही स्वतःला तसंच सांगायला लागलो होतो. काय वाईट केलं मी? तिला नवरा परत दिला ना? — किती लवकर माणूस स्वतःला देवाच्या जागी बसवतो!

पाच महिने असे गेले. मे महिन्यात तिची भाची आली, म्हापशाला शाळेत शिकवणारी. आनमारीमाय तिला हौसेने दगड दाखवायला घेऊन गेली. भाचीने सहा नावं वाचली. मग पुन्हा वाचली. हे मला त्या भाचीनेच नंतर रस्त्यात गाठून सांगितलं. यात कायतान नाही, हे तिने आनमारीमायला तिथेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनमारीमाय आमच्या घरी आली. एकटी. काळंच नेसलेली. बायकोने तिला पाणी दिलं, आंबे कापायला घेतले, आणि आत गेली. आनमारीमाय पायरीवर बसली. पाणी प्यायली. घाई नव्हती तिला. मी खांबाला धरून उभा होतो.

“मास्तर, माका वाचूक येणा नाय,” ती म्हणाली. “तुका येता मा?”

त्या आवाजात राग असता, तर मी सावरलो असतो. भांडलो असतो, चूक झाली म्हटलं असतं, बोट चुकलं म्हटलं असतं. राग नव्हताच. तिला खरंच कळत नव्हतं. वाचता येणारा माणूस असं का करेल, हे ती मला विचारत होती. 

 मग तिने पदर सारखा केला आणि ज्यासाठी आली होती ते विचारलं. आता तिला दगडाशी काही देणंघेणं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिला नाव नको होतं. तिला एवढंच हवं होतं —

“तुझो बापूस तेच्या वांगडा होडीत होतो. मरताना तेणी तुका कायच सांगूक नाय?”

आत सुरी फळीवर वाजत होती. आंब्याचा वास पडवीत आला होता. भिंतीवर तात्यांचा फोटो होता, आणि तो तिच्या डोक्याच्या बरोबर वर होता, म्हणून मला दोघं एकाच वेळी दिसत होते. तिला सांगायला दोन वाक्यं लागली असती. तो मेला. माझ्या वडिलांना काठावर आणताना मेला.

मी म्हटलं, “नाय.”

तुम्ही म्हणाल, दगडावरचं बोट हा माझा गुन्हा. मी पण बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. नाही. तो भित्रेपणा होता. हा ‘नाय’ मी पूर्ण शुद्धीवर, तिच्या डोळ्यांत बघून म्हटला.

तिने मान हलवली. भांडं पायरीवर उपडं ठेवलं. उठताना गुडघ्यावर हात दिला. आणि माझ्याकडे नाही, अंगणाकडे बघत म्हणाली, “मगे खंय तरी आसतलो तो.”

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली ते. ती फाटकाबाहेर गेली तेव्हा कळलं: कुठेतरी असेल, म्हणजे जिवंत.  मी ती बसली होती त्याच पायरीवर बसलो. बायको आंब्यांची ताटली घेऊन बाहेर आली आणि विचारायला लागली, गेली पण? मी ताटली तिच्या हातातून घेतली.

त्याच आठवड्यात आनमारीमायने काळं सोडलं. पुन्हा रंगीत नेसायला लागली. गोव्याकडून येणारी गाडी दुपारी आमच्या थांब्यावर उभी राहायची, तिथे ती जाऊन उभी राहायची. उतरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघायची. आधीच्या अठ्ठावीस वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं. तेव्हा ती फक्त निरोपाची वाट बघत होती. आता तिच्या हातात आलेलं मरण मी काढून घेतलं होतं, आणि ती माणसाची वाट बघायला लागली होती. माझ्या शाळेची खिडकी त्या थांब्यावर उघडायची. जूनमध्ये शाळा उघडली, तशी मी ती बंद ठेवायला लागलो. मुलं उकाड्याची तक्रार करायची.

त्याच महिन्यात मी बदलीचा अर्ज दिला. आईची तब्येत, मुलांचं शिक्षण — कारणं लिहायला मला काय कमी? माझं अक्षर चांगलंच होतं. बदली मालवणकडे, कट्ट्याला झाली. गावाकडे मी सणावारालासुद्धा जाईनासा झालो.

तीन वर्षांनी कट्ट्याच्या थांब्यावर आमच्या गावचा एक माणूस भेटला. बहिणीकडे आला होता, परतीच्या गाडीची वाट बघत होता. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाला, ती आनमारी गेली, गणपतीच्या आधी. तापाने. भाची येऊन राहिली होती. भाचीने शेवटी विचारलं, काळं नेसवू की रंगीत? तर म्हातारी म्हणाली, हिरवं नेसवा, त्याला हिरवं आवडतं. हे सांगून तो माणूस हसला, वाईट अर्थाने नाही, म्हाताऱ्या माणसांचं ऐकून आपण हसतो तसा. आवडायचं म्हणाली की आवडतं, असं मी त्याला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, आवडतं.

मी त्याला चहा पाजला. त्याची गाडी आली, तो चढला, खिडकीतून हात केला. मी शाळेत परत गेलो. नववीचा वर्ग होता. मी त्यांना वळणदार अक्षर कसं काढायचं ते शिकवलं.

आनमारीमाय तापात पडून होती तेव्हा मी धडधाकट होतो. सावंतवाडीला गाडी बदलली की अर्ध्या दिवसात तिच्या दारात पोचलो असतो. आणि कायतान कसा मेला, ते मला माहीत होतं.